बाल्टिमोरला जाऊन आले: एआरव्हीसीच्या रजिस्ट्रीत नाव घालताना काय काय लागलं

मागच्या महिन्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला जाऊन आलो, मी, नवरा आणि आमची चौदा वर्षांची लेक. कुणाला घरातल्या माणसासाठी हे करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवतेय, थोडं लांबेल.

आधी आजाराबद्दल. एआरव्हीसी हा हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार. स्नायूच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवणारे जोड असतात, त्यांना डेस्मोसोम म्हणतात, ते जन्मतःच कच्चे असले की पेशी ताणाने सुटत जातात आणि त्या जागी चरबी आणि व्रणाचं टिश्यू भरतं, बहुतेक वेळा उजव्या कप्प्यात आधी. मग तिथून ठोके भरकटतात. धडधाकट तरुण माणूस पळता पळता कोसळतो ते यामुळेही असतं. आमच्या घरात जो बिघडलेला जीन आहे तो पीकेपी२, या आजारात सगळ्यात जास्त सापडणारा तोच. आईकडून किंवा वडलांकडून मुलाकडे जायचा चान्स निम्मा. पण जीन असला म्हणजे आजार होतोच असंही नाही. माझ्या आईला जीन आहे, ती ६८ ची आहे आणि तिचा इको, ईसीजी सगळं चांगलं. तिचा सख्खा भाऊ, माझा मामा, २९ व्या वर्षी कबड्डी खेळताना गेला. तेव्हा सगळे अटॅक म्हणाले आणि विषय संपला.

मी हाफ मॅरेथॉन पळायचे. न्यू जर्सीत एडिसनला राहतो आम्ही, कॅनॉलच्या कडेने पळताना चक्कर येऊन पडले, तर आधी दोन ठिकाणी टेन्शन आहे, झोप घ्या असं सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या डॉक्टरने २४ तासांचं होल्टर (ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावलं आणि त्यात हजाराच्या वर एक्स्ट्रा ठोके निघाले (या आजाराच्या निकषांत ५०० च्या वर गेले तरी धरतात). मग एमआरआय, जीन टेस्ट आणि शेवटी छातीत आयसीडी, म्हणजे ठोके भरकटले तर शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र.

आता रजिस्ट्रीचं. हॉपकिन्सची एआरव्हीसीची रजिस्ट्री १९९९ च्या सुमाराची आहे. मी डोक्यात धरून बसले होते की तिथे नाव घातलं की काहीतरी उपचार मिळणार. तसं नसतं हे आधीच समजून घ्या. रजिस्ट्री म्हणजे तुमचे रिपोर्ट, जीन, घराण्याची माहिती आणि दरवर्षीची विचारपूस त्यांच्याकडे जमा होत राहते, औषध कुणी देत नाही. आणि नुसत्या नोंदणीसाठी एवढ्या लांब जायलाही लागत नाही, कागद पाठवून फोनवर होतं. आम्ही गेलो ते क्लिनिकची अपॉइंटमेंट होती म्हणून. त्यात एक गोष्ट पक्की विचारून घ्या, कुठली टेस्ट इन्शुरन्सला बिल होणार आणि कुठली स्टडीच्या खर्चात. मी हे फोनवर विचारलं आणि वर ईमेलवर लिहूनही मागितलं.

मला आयसीडीनंतर काही महिने गाडी चालवायची नव्हती आणि नवऱ्याला सकाळच्या ट्रॅफिकमध्ये टर्नपाइकचा टोल रस्ता नको होता, म्हणून मेट्रोपार्क स्टेशनहून अॅमट्रॅकची ट्रेन घेतली. अडीच तासाच्या आत बाल्टिमोर पेन स्टेशन, तिथून कॅबने हॉस्पिटल जवळ आहे. गाडीने गेलात तर तीन तास धरा. आदल्या रात्री जाऊन राहिलात तर उत्तम, कारण स्ट्रेस टेस्ट, इको, एमआरआय एकाच दिवसात लावतात आणि माणूस दमतो. धपाटे नेले होते ते बरं झालं.

एमआरआयसाठी आयसीडीचं कार्ड बरोबर ठेवा. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, तारा कुठल्या, हे आधी कळवलं नाही तर त्या दिवशी स्कॅन होत नाही. आणि डिव्हाइसमुळे चित्रात थोडा भाग पुसट येतो, त्यामुळे आयसीडी बसवायच्या आधीचा एमआरआय असेल तर त्याची सीडी जिवापाड जपा.

सगळ्यात जास्त वेळ गेला जेनेटिक काउन्सेलरकडे आणि खरं सांगायचं तर तोच तास सगळ्यात मोलाचा होता. त्या बाईंनी कागदावर पेडिग्री, म्हणजे घराण्याचा तक्ता, काढली, पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मग एकेक विचारत गेल्या, पन्नाशीच्या आत कोण गेलं, कोण पोहताना बुडालं, गाडी चालवताना एकट्याचा अॅक्सिडेंट कुणाचा झाला, फिट येते असं कुणाला सांगितलं होतं. आपल्याकडे या सगळ्याला वेगवेगळी नावं असतात, दृष्ट लागली, बाहेरचं झालं, घाबरून गेला, त्यामुळे जायच्या आधी आई, मावश्या, गावाकडचे कुणी असतील त्यांना फोन करून नीट विचारून घ्या. नात्यात लग्न झालंय का हेही विचारतात. माझ्या आजीचं लग्न तिच्या मामाच्या मुलाशी झालेलं, मला सांगायला उगाच ओशाळल्यासारखं झालं, पण त्यांना ते लागतं, लपवू नका. मामाचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मिळावा म्हणून दादाने सातारा जिल्ह्यात तीन खेपा घातल्या, नाही मिळाला. तुमच्याकडे असा कागद असेल तर सोन्यासारखा आहे.

आपल्या लोकांनी यात का यावं ते सांगते. जगातला जीनचा डेटा बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे. त्यामुळे आपल्यात एखादा बदल सापडला की रिपोर्टवर बऱ्याचदा येतं, अर्थ अनिश्चित. माझ्या चुलत मावसबहिणीच्या दुसऱ्या एका जीनबद्दल असंच आलंय आणि ती दोन वर्षं अधांतरी आहे, पळायचं की नाही, मुलांची टेस्ट करायची की नाही, काही ठरवता येत नाही. आपली घराणी नोंदीत आली नाहीत तर ते अनिश्चितच राहणार. आणि पळण्याचंच बघा, जास्त एन्ड्युरन्स व्यायामाने हा आजार लवकर आणि जोरात येतो हे हॉपकिन्सच्याच टीमने २०१३ मध्ये दाखवलं, ते कशावरून, तर रजिस्ट्रीतल्या लोकांनी लहानपणापासून किती पळलो किती खेळलो ते बसून सांगितलं म्हणून. मी पळणं थांबवलं ते कुणीतरी सांगितलेल्या त्या तासांमुळे.

जीन थेरपीचंही विचारलं. पीकेपी२ साठी रॉकेट, टेनाया आणि लेक्सिओ अशा तीन कंपन्यांच्या ट्रायल आहेत, निरुपद्रवी विषाणूत चांगला जीन भरून एकदाच शिरेतून देतात, माणसांना पहिले डोस २०२४ मध्ये दिले गेले. मी एकीच्या स्क्रीनिंगला गेले होते, माझ्या रक्तात त्या विषाणूच्या अँटीबॉडी आधीच जास्त निघाल्या म्हणून नाही जमलं. दोन दिवस रडले. पण तुम्ही जाणार असाल तर हे विचारा: नंतर इम्युनिटी दाबायची औषधं किती महिने, फॉलोअप किती वर्षं, आणि एकदा हा डोस घेतला की पुढे याहून चांगली थेरपी आली तर ती घेता येईल का, कारण डोसनंतर अँटीबॉडी तयार होतात आणि दुसऱ्यांदा देणं अवघड होतं. सुरुवातीच्या ट्रायल मुख्यतः सेफ्टी बघायला असतात, बरं व्हायच्या आशेवर एकट्याने सही करू नका, घरच्या कुणाला तरी कन्सेंट फॉर्म मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

अमेरिकेत असाल तर लाइफ इन्शुरन्स जीन टेस्टच्या आधी काढा. २००८ चा जीना कायदा हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीला संरक्षण देतो, लाइफ इन्शुरन्सला नाही. भारतात असाल तर ट्रायल सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी ऑनलाइन यादी) नोंदलेली आहे का ते फुकट बघता येतं, कन्सेंट फॉर्म मराठीत मागा, आणि त्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो तो वेगळा लिहून ठेवा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची तरतूद भारतातल्या ट्रायलच्या २०१९ च्या नियमांत आहे.

लेकीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. सॉकर बंद करावं लागलं, ती ट्रॅव्हल टीममध्ये होती. रजिस्ट्रीसाठी आमच्या सहीबरोबर तिचीही संमती लागते, वेगळा फॉर्म असतो, आणि काउन्सेलरनी आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. तिने काय विचारलं ते मी विचारलं नाही. सही करून बाहेर आली आणि म्हणाली, मी दरवर्षी फोन उचलेन.

परतीच्या ट्रेनमध्ये आईचा फोन आला. तिला आत्ता आठवलं होतं, आजीच्या बहिणीचा मुलगा, पट्टीचा पोहणारा, भर दुपारी विहिरीत गेला, तेव्हा कुणी म्हणालं पायात वेल अडकली. वय किती, तर बारावीला होता. घरी पोचल्यावर रात्रीच काउन्सेलरना ईमेल केली, एक चौकोन वाढवा म्हणून.