उपडा पाव

गुरुवारी दुपारी मासा संपला, बटाटे संपले आणि ताटलीत नुसता सॉस उरला. फिकट पिवळा, लोण्याचा, कडेला जरासा गोठत चाललेला. टोपलीत पावाचे दोन तुकडे होते. पॅरिसमध्ये राहून इतकी वर्षं झाली, तरी ताटली पुसण्याआधी मी रस्ता ओलांडावा तशी दोन्हीकडे बघते.

कोणी बघत नव्हतं. पुसली.

फ्रेंचमध्ये यासाठी खास क्रियापद आहे, ‘सोसे’. सॉसवरूनच केलेलं. पावाने सॉस टिपून घेणं एवढाच त्या प्रसंगी त्याचा अर्थ. ज्या भाषेने या कामावर अख्खं क्रियापद खर्ची घातलं, त्याच भाषेतले शिष्टाचार सांगणारे लोक मात्र म्हणतात की चारचौघांत हे करू नये. अगदीच राहवलं नाही तर पावाचा तुकडा काट्याला टोचावा आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने हळूच फिरवावा. हातमोजे घालून मांजर कुरवाळण्यासारखंच की हे. मला जमत नाही.

म्हणून मी मध्यवस्तीत जेवत नाही. तिथे मेनू चार भाषांत असतो, पदार्थांचे फोटो असतात आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवण्याआधी ताटलीचा फोटो काढत असतो. फोटो काढणाऱ्याच्या शेजारी बसून ताटली कशी पुसणार? त्यापेक्षा मी शातलेहून मेट्रोची अकरा नंबरची लाइन धरते आणि आठव्या स्टेशनला, झुर्दँला उतरते. वर आलं की चर्च, चर्चच्या बाजूने रस्ता, आणि त्या रस्त्यावर ते रेस्टॉरंट. नाव सांगत नाही. बारा टेबलं आहेत. तेरावं लागलं तर मला जागा मिळायची नाही.

जेवायला गावाबाहेर जायची सवय या शहराला जुनीच. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसभोवती एक भिंत बांधली होती. शत्रूसाठी नव्हे, करासाठी. शहरात येणाऱ्या मालावर, वाइनवरसुद्धा, वेशीवर जकात भरावी लागे. साहजिकच भिंतीबाहेर वाइन स्वस्त. मग रविवारी लोक बायकापोरांसह वेशीबाहेर पडायचे, बेलव्हिल या टेकडीवरच्या गावाच्या पायथ्याशी खाण्यापिण्याच्या बागांमध्ये बसायचे आणि संध्याकाळी कर चुकवलेली वाइन पोटात घालून उजळ माथ्याने आत यायचे. पोटावर जकात नव्हती. १८६० मध्ये बेलव्हिल पॅरिसात सामील झालं, भिंत पाडली. आता तिच्या मार्गावरून मेट्रोची दोन नंबरची लाइन धावते. अकरा नंबरने येताना बेलव्हिल स्टेशनला ती लाइन भेटते, आणि ते स्टेशन मागे पडलं की मला अजूनही काहीतरी चुकवून आल्यासारखं वाटतं.

इथे मेनूकार्ड नाही. काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. सुरुवातीचे तीन, मुख्य तीन, गोड तीन. संपलेला पदार्थ बोटाने पुसतात. मोठ्या मेनूवर माझा विश्वास नाही. ज्या स्वयंपाकघरात एकच माणूस आहे तिथे साठ पदार्थ कुठून येतात, याचं उत्तर बहुधा फ्रीझरमध्ये असतं. इथे दुपारी कोणतेही दोन घेतले तर १८ युरो. गुरुवारी मी अंडं घेतलं. उकडलेलं, अर्धं केलेलं, वर मेयोनेज. इतक्या साध्या पदार्थाचं कौतुक काय, असं मलाही वाटायचं, पण त्याच्या रक्षणासाठी फ्रान्समध्ये एक संघटना आहे आणि त्याची अजिंक्यपद स्पर्धाही होते. अंडं नीट उकडणं आणि मेयोनेज हाताने फेटणं, या दोन्हींत लपायला जागा नाही. मग तो मासा. त्याचा सॉस नांत शहराकडचा. बारीक चिरलेले छोटे कांदे व्हाइट वाइन आणि व्हिनेगरमध्ये आटवायचे आणि मंद आचेवर गार लोणी थोडं थोडं फेटत घालायचं. जरा जास्त तापलं की लोणी फुटतं आणि सगळं मुसळ केरात. गुरुवारी फुटलं नव्हतं.

पाव आणि नळाचं पाणी फुकट. ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९६७ च्या सरकारी आदेशाप्रमाणे जेवणाच्या किमतीत ते धरलेलंच असतं. तरीही दुसऱ्यांदा टोपली मागताना मी आवाज जरा बारीक करते. पावाला वेगळी बशी नसते, तो सरळ टेबलावर, कागदी कव्हरवर ठेवायचा. मीही ठेवला. बाजूने जाताना वाढणाऱ्या मुलीने माझ्याकडे न बघता, बोलणंही न थांबवता तो तुकडा उचलला आणि उलटा केला. म्हणजे सुलटा. मी तो उपडा ठेवला होता.

पाव उपडा ठेवणं इथे अशुभ. म्हणतात की पूर्वी फाशी देणाऱ्या माणसासाठी ठेवलेला पाव बेकरीवाला मुद्दाम उपडा ठेवायचा, म्हणजे चुकून दुसऱ्या कोणी उचलू नये. ती मुलगी फार तर बावीस वर्षांची. दंडावर गोंदलेलं, एका कानात चार रिंगा. अशा गोष्टींवर तिचा विश्वास असेल असं वाटत नाही. हात आपोआप गेला. तिच्या घरी कोणीतरी सारखं सांगितलं असणार.

आमच्या घरी आजोबा सांगायचे. पाव नव्हता, पण पानात टाकायचं नाही हे होतं. जेवण झालं की ताट त्यांच्यासमोर धरायचं. ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, “चेहरा दिसतोय, मिशी दिसत नाहीये. पुन्हा पूस.” मिशी दिसेपर्यंत आम्ही ताट निपटायचो. मला वाटायचं, त्यांना खरंच दिसते. लोकांकडे जेवायला गेलं की नियम उलटा. निघतानाच आई बजावायची, “घासभर ठेव गं. सगळं संपवलंस तर उपाशी आल्यासारखं दिसतं.” मग मी तिथे बसून घास मोजायचे. मोठ्याचा घास की लहानाचा? भाताचा की भाजीचा? एकदा घासभर ठेवायचा म्हणून मी चक्क तोंडातला घास ताटात ठेवला होता. असो. तर ताटली पुसण्याआधी मी दोन्हीकडे का बघते याचं उत्तर बहुतेक यात आहे. किंवा नसेलही. मला मघाशी काहीतरी वेगळं म्हणायचं होतं, सॉसबद्दल.

माझ्या समोरच्या, खिडकीजवळच्या टेबलावर दर गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ असतात. आमची ओळख म्हणजे आल्यावर ‘बोंजूर’ आणि जाताना ‘बॉन जुर्ने’. जेवायला आत कोट घालून बसतात, आणि शिष्टाचार कोळून प्यायल्यासारखे दिसणारे हे गृहस्थ पाव सरळ हातात धरून ताटली पुसतात. काटा नाही, काही नाही. आधी कडेने, मग आत आत, गोल. शेवटचा तुकडा मधोमध पोचतो तेव्हा ताटली अशी होते की कपाटात ठेवावी. ही कला मी त्यांच्याकडे बघून शिकले. पूर्वी मी वेड्यावाकड्या रेघा मारायचे.

शेवटच्या वर्षी आजोबांना जेवण जाईना. ताटात उरायचं. ते त्यावर वाटी उपडी घालायचे आणि हात धुवायला उठायचे. आई ताट उचलताना वाटी हलू द्यायची नाही. एकदा मी ती उचलली. आत भाताचा अख्खा ढीग. मी ओरडून म्हणाले, “आजोबा, मिशी दिसत नाहीये!” आई मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. काही बोलली नाही, नुसती धरून उभी राहिली.

गुरुवारी मी पुसलेल्या ताटलीवरून मान वर केली तेव्हा समोरचे गृहस्थ काटा आणि सुरी एकमेकांशेजारी ठेवत होते. टोपलीतल्या पावाला हात लागलेला नव्हता. त्यांनी कागदी नॅपकिन उलगडला, ताटलीवर पसरला आणि चारही कोपरे बोटाने सारखे केले. मग खिडकीबाहेर बघत बसले.

इथे ताटलीत काही राहिलं की ती मुलगी हमखास विचारते, आवडलं नाही का, डब्यात बांधून देऊ का. तिने नॅपकिनसकट ताटली उचलली, दुसऱ्या हाताने पावाचा चुरा टिपला आणि विचारलं, “कॉफी, नेहमीसारखी?”