साक्षीदार पारखताना
मराठवाड्यात बोअर घ्यायचा म्हटले की आधी पाणाडी बोलावला जातो. तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथे उभा राहील तिथे खूण करायची आणि मग गाडी लावायची, हा क्रम वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातही सहसा चुकत नाही. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी आहे. आमच्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी राहते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत, आणि एकसंध काळा पाषाण लागला की शेकडो फूट जाऊनही नुसता फुफाटा उडतो, हे मी शिकलो आहे. पण नारळापेक्षाही मला खटकते ती हिशेबाची पद्धत. पाणी लागलेल्या बोअरची गोष्ट पारावर वर्षानुवर्षे चालते, कोरड्या गेलेल्यांची नोंद कोणीच ठेवत नाही.

हॉस्टेलमधला माझा मित्र मला नेमके इथेच गाठतो. नारळावर विश्वास नाही, मग थडग्यातून उठलेल्या येशूवर कसा? प्रश्न रास्त आहे, आणि ‘श्रद्धेचा विषय वेगळा’ असे म्हणून तो टाळणे कॅथॉलिक माणसाला परवडणारे नाही. देवाचे अस्तित्व माणसाला नैसर्गिक बुद्धीच्या प्रकाशातही निश्चितपणे कळू शकते, असे चर्चच्या धर्माध्यक्षांच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये सांगितले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये श्रद्धा व बुद्धी यांच्या नात्यावर एक संपूर्ण परिपत्रकच काढले.

मी मित्राला उलट विचारतो, की त्याला जे ठाऊक आहे त्यातले स्वतः पाहिलेले किती? संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये हीच यादी केली आहे: न पाहिलेली शहरे, आपल्या जन्माआधीच्या घटना, इतकेच काय, आपण कोणत्या आईबापांच्या पोटी जन्मलो हेसुद्धा आपण ऐकूनच मानतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे असे मी छातीठोकपणे सांगतो, तेव्हा ते वय मोजणारे यंत्र मी पाहिलेले नसते. तेव्हा साक्ष सर्वांनाच मानावी लागते. वाद उरतो तो साक्षीदार पारखण्याचा.

या बाबतीत आमचे जुने पंडित समजतात तितके भाबडे नव्हते. माणसाच्या बुद्धीवर उभा असलेला अधिकारवाणीचा युक्तिवाद सर्वांत दुबळा, हे मध्ययुगातले थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनीच मान्य केले आहे. (‘फादर म्हणाले’ एवढ्यावर वाद संपवणाऱ्या माझ्या आजीला हे सांगायचे धाडस मी अजून केलेले नाही.) देवाच्या प्रकटीकरणावर आधारलेला युक्तिवाद मात्र त्यांच्या मते सर्वांत भक्कम, पण ते प्रकटीकरणही माझ्यापर्यंत आले ते माणसांच्या तोंडूनच, त्यामुळे पारख काही सुटत नाही.

म्हणूनच मला बायबलमधल्या, प्रेषित संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय महत्त्वाचा वाटतो. उठलेला ख्रिस्त पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल तिथे लिहितो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे. पुढे तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. बोअर कोरडा गेला की गाडीवाल्याने जागा हलवली, असे काहीतरी निघतेच. पौलाने मात्र आपले म्हणणे कशाने कोसळेल हे स्वतःच लिहून दिले.

नंतरच्या काळातही ही सावधगिरी दिसते. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी आजारातून बरे झाल्याच्या दाव्यांची डॉक्टरांकडून छाननी १८८३ पासून चालू आहे. सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते जेमतेम सत्तरेक. माझी श्रद्धा त्यावर उभी नाही, पण नोविना (नऊ दिवसांची प्रार्थना) संपल्यावर ताप उतरला तरी चमत्कार जाहीर करणाऱ्या आमच्या मंडळींच्या मानाने ही कंजुषी मला आवडते.

मित्राचा सर्वांत वजनदार आक्षेप याहून पुढचा आहे: साक्षीदार तर प्रत्येक धर्मात आहेत. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटले, त्यामुळे नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या त्याच्या आईचा अनुभव खोटा ठरवल्यावाचून मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊ शकतो. मात्र दोन साक्षी परस्परविरुद्ध असतील तिथे ‘दोन्ही खऱ्या’ म्हणून विषय मिटवायला त्याचीही तयारी नाही आणि माझीही नाही. सध्या आम्ही पौलाचा तो अध्याय ओळीओळीने वाचत आहोत, आणि प्रत्येक नावापाशी थांबून मित्र विचारतो, ‘हा कोण, आणि खोटे बोलून याला काय मिळणार होते?’