‘होत नाही’ एवढंच म्हणाले होते

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५, रात्र

घरी पोचायला अकरा वाजले. सोमवारी आयकर रिटर्नची मुदत संपते. यंदा फॉर्म बदलले म्हणून ३१ जुलैची तारीख मे महिन्यातच १५ सप्टेंबरवर नेली होती, म्हणजे सगळ्यांना दीड महिना जास्तीचा मिळाला. तरी रविवार कारंजावरच्या माझ्या ऑफिसात निम्म्या फाइली याच आठवड्यात आल्या. गणपती होऊ द्या मग बघू, असं म्हणता म्हणता पितृपक्ष लागला. परवा अष्टमीला मामंजींची तिथी आहे. तेही जमवायचं आहे.

आज सकाळी दिंडोरी रस्त्याकडच्या एका गावातले काका मुलाला घेऊन आले. मागच्या डिसेंबरात त्यांनी वडिलोपार्जित दोन एकर विकले. मुलाच्या मोबाइलवर व्यवहाराबद्दल मेसेज आला, म्हणून विचारायला आले. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "ताई, शेतकऱ्याला टॅक्स नसतो ना?"

हा प्रश्न मला वर्षातून शंभर वेळा येतो आणि दर वेळी मी तो पहिल्यापासून उलगडते. द्राक्षं, कांदा, टोमॅटो यांच्या उत्पन्नाला कर नाही, हे खरं. पण त्याच वावरातल्या गाईंच्या दुधाला ती सूट नाही, ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात भाड्याने फिरवला त्यालाही नाही. आणि जमीन विकणं म्हणजे पीक विकणं नव्हे. खेड्यातली शेतजमीन असेल तर विक्रीच्या नफ्यावर कर लागत नाही. पण खेडं म्हणजे काय, हे कायद्याने किलोमीटरात ठरवलंय. शहराची लोकसंख्या दहा लाखांवर असेल तर महापालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरतात. नाशिक २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांच्या पुढे गेलंय.

"आमचं गाव अकरा किलोमीटर आहे," मुलगा म्हणाला. "गाडीवर मोजलंय."

२०१३ च्या दुरुस्तीपासून हे अंतर सरळ रेषेत, हवेतून मोजतात. मी नकाशावर त्यांचा गट शोधला आणि हद्दीपासून रेघ ओढली. सात किलोमीटर आणि वर थोडं. काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हवेतून कोण जातं ताई? आम्ही तर रस्त्यानेच येतो." मला उत्तर सुचलं नाही.

वाट आहे, ती मी सांगितली. विक्रीआधी दोन वर्षं ती जमीन घरच्यांनीच कसली असेल, तर विकल्यापासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली की नफ्याला कलम ५४-बी ची सूट मिळते. काकांना निफाडकडे बाग घ्यायचीच आहे, बोलणीही चालू आहेत. पण तोवर ती रक्कम रिटर्नच्या मुदतीच्या आत बँकेच्या भांडवली नफा खात्यात जमा व्हायला हवी. हे खातं ग्रामीण शाखेत उघडत नाहीत आणि काकांचे पैसे गावातल्या शाखेत मुदत ठेवीत. उद्या दुसरा शनिवार, बँका बंद. परवा रविवार. उरला सोमवार.

त्यांना तसंच उठवून शहरातल्या शाखेत पाठवलं. फॉर्म आज भरून झाला, ठेव मोडून पैसे आणायचे ते सोमवारी. डिसेंबरात विचारलं असतं तर हातात नऊ महिने होते. जमीन विकताना दलाल असतो, वकील असतो, मुद्रांकाचा हिशोब करणारा असतो, मेहुणा असतो. कराचं काय, हे त्या टेबलावर कोणीच काढत नाही. माझ्याकडे येतात ते सगळं होऊन गेल्यावर, आणि तेव्हा मला फक्त झालेलं लिहिता येतं. या गोष्टीचा मला दर वर्षी मनापासून त्रास होतो.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही.

दुपारी चारच्या सुमारास बाकावर एक ओळखीचा चेहरा दिसला. सातपूरच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे. सहा वर्षं माझ्याकडे रिटर्न भरायचा. २०२३ मध्ये यायचा बंद झाला, का तेही मला आठवत होतं. २९ जुलै होती, शनिवारच. बाकावर बारा माणसं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या लाइनवरच्या सगळ्यांना तीस-चाळीस हजार परत आले. तुम्ही का नाही काढून देत?" मी फाइलमधून मान वर न काढता "होत नाही" म्हणाले आणि फॉर्म सोळा, म्हणजे कारखान्याने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, परत दिला. त्याने तो घेतला आणि गेला.

आज त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात पगाराच्या चिठ्ठ्या, पासबुक आणि दुसऱ्या कोणीतरी भरलेल्या दोन वर्षांच्या रिटर्नचे कागद. आयकर खात्याचा मेसेज दाखवला: तुमच्या वजावटी तपासा, चुकीच्या असतील तर अद्ययावत विवरणपत्र भरा. मी २०२२-२३ चं रिटर्न उघडलं. ८०-जीजीसी खाली दोन लाख रुपये.

"तुम्ही राजकीय पक्षाला दोन लाख देणगी दिली होती?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. म्हणाला, "मॅडम, मी गणपतीला पाचशे एक वर्गणी देतो. पक्षाला कशाला देऊ?"

वीस टक्क्यांच्या टप्प्यात होता, म्हणून दोन लाखांवर उपकरासह बरोबर ४१,६०० रुपये परत आले. त्यातला पाचवा हिस्सा, ८,३२०, भरून देणाऱ्याने रोख घेतला. नोंदणीतला ई-मेल पाहिला तर तोही याचा नाही. खात्याने आजवर जे काही लिहिलं असेल ते एका अशा पत्त्यावर गेलंय जो याने जन्मात उघडलेला नाही.

ही एकट्या सातपूरची गोष्ट नाही. १४ जुलैला आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर देशभरात १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्याने तेव्हा सांगितलं. ती बातमी वाचताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. इतकी वर्षं "तो काढून देतो, तुम्हाला जमत नाही" हे ऐकून घेतलंय. आज त्या ४०,००० सारखाच एक माणूस समोर बसला होता आणि पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरूनही हलत होता. बायकोला सांगितलेलं नाही. नोकरी जाईल का, हे तीनदा विचारलं.

त्याला शांतपणे सांगितलं. नोकरीचा याच्याशी संबंध नाही. अजून कारवाई सुरू झालेली नाही, तोवर आपण होऊन अद्ययावत विवरणपत्र (आयटीआर-यू) भरता येतं. घेतलेले ४१,६०० परत करायचे, त्यावर व्याज, आणि कर-व्याजाच्या बेरजेवर आणखी पन्नास टक्के, कारण त्या वर्षाला आता वर्षाहून जास्त काळ उलटलाय. त्याच्या पुढच्या वर्षासाठी पंचवीस टक्के. गप्प बसलं आणि खात्यानेच धरलं, तर खोटी माहिती म्हणून दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो.

सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "त्या वेळी तुम्ही हे का नाही सांगितलं?"

आवाजात तक्रार नव्हती, तो खरंच विचारत होता. मी म्हणाले, "होत नाही म्हणाले होते." तो म्हणाला, "हो, पण मला वाटलं तुम्हाला येत नाही."

संध्याकाळपासून हेच डोक्यात आहे. पाच मिनिटं दिली असती तर? ही वजावट कशाची असते, खोटी लावली तर काय होतं, एवढंच. बाकावर बारा माणसं होती हे खरं, पण ती दर जुलैला असतात. खोटं लिहायचं नाही हे मी पहिल्या दिवशी ठरवलं आणि बावीस वर्षं पाळलं. समोरच्याला ते का, हे समजावणं हासुद्धा कामाचाच भाग आहे, असं मात्र मी कधी धरलं नाही. नकार दिला की माझ्यापुरतं काम संपलं असं समजत आले.

आणि किती खोलात विचारायचं, हाही प्रश्न सुटलेला नाही. आईला घरभाडं देतो म्हणणाऱ्याला मी बँकेतून दिलेल्याचा पुरावा मागते, आईच्या रिटर्नमध्ये ते भाडं दाखवलंय का विचारते. मागच्याच महिन्यात एकाने ऐकवलं, "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?" फाइल घेऊन गेला, अकरा वर्षांची ओळख होती. मी त्याच्याच बाजूची आहे, हे त्याला पटेल असं कसं सांगायला हवं होतं, ते मला अजून कळत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी तिथी, पानं वाढून झाल्यावर दीड वाजता ऑफिस. रात्री साडेअकरापर्यंत एकतीस रिटर्न गेली.

आज सगळ्यांचा एकच वाद: "बारा लाखांपर्यंत माफ आहे ना?" आहे, पण ते १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईला. आज भरतोय ते त्याच्या आधीच्या वर्षाचं, तिथे नव्या करपद्धतीतली मर्यादा सात लाख. एका शिक्षकांचा वर्षाचा पगार ९,६०,०००. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट गेली की ८,८५,०००, त्यावर उपकर धरून ४०,०४० रुपये कर. त्यांनी मला अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचं कात्रण दाखवलं. मी त्यांना कागदावर दोन वर्षं शेजारी शेजारी मांडून दाखवली. वीस मिनिटं गेली. कालचं डोक्यात नसतं तर दोन मिनिटांत उरकलं असतं. जाताना ते कागद मागून घेऊन गेले.

ओटीपीचं तर काय लिहावं. आधारला जोडलेला नंबर पुण्यातल्या लेकीचा, लेक रात्रपाळीला. एकाचा नंबर बंद पडलेल्या सिमचा. एक जण बागेत, रेंज यायला टाकीवर चढावं लागतं. चढला बिचारा, सहा आकडे ओरडून सांगितले.

पुढच्या एप्रिलपासून १९६१ चा कायदाच जाणार आणि २०२५ चा येणार. ८०-सी या वजावटीच्या कलमाचं १२३ होणार. सगळं पहिल्यापासून पाठ करायचं आहे. त्याची भीती वाटत नाही, लोकांना जुने आकडेही कुठे कळत होते?

बुधवार, १७ सप्टेंबर

सोमवारी मध्यरात्रीच्या तोंडावर एक दिवसाची मुदतवाढ आली. तोपर्यंत आमचं जवळजवळ सगळं झालं होतं. ऑफिसातल्या मुलींना मंगळवारी दुपारीच घरी पाठवलं.

दिंडोरीकडच्या काकांची पावती सोमवारी दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर आली. फोटो तिरका, पण शिक्का आणि तारीख स्पष्ट. त्यांचं रिटर्न त्याच संध्याकाळी भरलं. काकांनी फोन करून विचारलं, निफाडच्या बागेचा विसार देण्याआधी तुम्हाला कागद दाखवायला आणू का. आणा म्हटलं, आधीच आणा.

ऑपरेटर आज पहिली पाळी संपवून आला, बायकोला घेऊन. तिला सांगितलंय त्याने. आधी त्याच्या नोंदणीतला ई-मेल आणि मोबाइल बदलून त्याचे स्वतःचे घातले, ओटीपी त्याच्याच हातातल्या फोनवर वाजला. मग अद्ययावत विवरणपत्र उघडलं. दुरुस्तीचं कारण विचारतात, तिथे उत्पन्न बरोबर दाखवलं नव्हतं असं निवडलं. चलनाची रक्कम बायकोने दोनदा वाचली आणि काही न बोलता पर्समधून बँकेचं कार्ड काढलं.

"तो आठ हजार तीनशे वीस घेऊन गेला, ते कुठे लिहायचं?" त्याने विचारलं.

मी फॉर्म वरून खालपर्यंत पुन्हा पाहिला. तसा रकाना नाही.

निघताना म्हणाला, लाइनवरचे अजून सात जण आहेत, त्यांना घाबरायला झालंय, पाठवू का. पाठवू नका, बरोबर घेऊन या म्हटलं. शनिवारी पाळी सुटल्यावर, सगळे एकदम. त्या दुपारी दुसरं कोणी बोलावलेलं नाही. येताना दोन्ही वर्षांचे फॉर्म सोळा आणि आधारला जोडलेला मोबाइल आणायला सांगितलाय.