कर्जत गेलं का?

काकांनी "कर्जत गेलं का?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डब्यात पुन्हा हशा पिकला. मीही हसले. आम्ही होतो पोर्तुगालमध्ये, रेग्वाहून पोर्तोकडे निघालेल्या संध्याकाळच्या गाडीत. डाव्या हाताला खाली दोउरो नदी, उजवीकडे डोंगर, मधूनच बोगदा. आयुष्यभर मुंबई-पुणे केलेल्या माणसाला अशा रस्त्यावर कर्जत आठवलं तर नवल ते काय! त्यात दुपारपासून पोर्ट वाईनचे सहा ग्लास पोटात. "काकांना चढली," मागून कोणीतरी म्हणालं. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. एक शब्द बोलत नव्हत्या.

सोळा वर्षं मी टूर लीडरचं काम करते. पासपोर्ट हरवलेले, बाथरूममध्ये अडकलेले, मधुचंद्राला येऊन भांडलेले, सगळे पाहून झालेत. प्यायलेला माणूस तर मी लांबून ओळखते, असा त्या दिवसापर्यंत माझा समज होता.

सप्टेंबरचा मधला आठवडा होता. चोवीस जणांचा ग्रुप, ठाणे, पुणे आणि नाशिककडचे, बहुतेक निवृत्त. सकाळी साडेआठला गायाच्या धक्क्यावरून बोट सुटली. पोर्तो शहर नदीच्या उत्तर काठावर आणि पोर्ट वाईनची जुनी कोठारं समोरच्या गायात, कौलारू, एकाला एक चिकटून. डोक्यावरून दों लुईश पूल गेला की कोणी ना कोणी "हा आयफेलचा ना?" विचारतंच. तसं कोणी विचारलं की मला फार बरं वाटतं, कारण उत्तर पाठ आहे: हा 1886 चा, आयफेलचा जुना भागीदार सेरिग याने आखलेला; आयफेलच्या कंपनीचा पूल पुढे, मारिया पिया, 1877 चा.

बोटीवरच न्याहारी होती. काकांनी पावाचे दोन तुकडे खाल्ले, मधुमेहाची गोळी घेतली, बिनसाखरेची कॉफी घेतली. काकूंनी कपाशेजारची साखरेची पुडी उचलून पर्समध्ये टाकली. मग शेजारणीची. मग पलीकडच्या टेबलावरच्या दोन. वेटर बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळूच म्हटलं, "काकू, राहू द्या ना."

"अगं, आपल्यालाच दिल्यात ना? वाया कशाला घालवायच्या?"

यावर काय बोलणार? आमच्या ग्रुपमध्ये असं कोणीतरी असतंच. हॉटेलातली शॉवर कॅप, विमानातली मिठाची पुडी. मी मान वळवून नदी बघत राहिले.

नदी बघण्यासारखीच आहे. पूर्वी हिला सगळीकडे खळखळते उतार आणि खडक होते. रबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्या वरच्या मळ्यांतली वाईन पिंपांत भरून या उतारांवरून गायाला आणायच्या, आणि किती होड्या बुडाल्या याची गणती नाही. फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी 1861 मध्ये असाच बुडाला. त्याच होडीत असलेली दोना आंतोनिया फरेरा ही मळेवाली बाई मात्र वाचली. तिच्या फुगलेल्या घागऱ्याने तिला तरंगत ठेवलं असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या बायकांना ही गोष्ट फार आवडते.

आता नदीवर धरणं आहेत आणि बोट लॉकमधून वर चढवतात. कारापातेलोचं लॉक 35 मीटरचं, म्हणजे दहा-अकरा मजली इमारत. बोट काँक्रीटच्या अरुंद विहिरीत शिरते, मागे दार बंद होतं, दोन्ही बाजूंना हात लांब केला तर लागतील अशा ओल्या, शेवाळलेल्या भिंती, आणि वर आकाशाची एक पट्टी. मग खालून पाणी भरतं. बोट हलते आहे असं वाटतच नाही. भिंतीवरचा एखादा डाग नजरेत धरून ठेवला की तो खाली सरकताना दिसतो. काका तेच करत बसले होते. "बँकेत लॉकर बघितला, आज लॉक बघितलं," म्हणाले. साधा, हसरा माणूस. इथपर्यंत काहीच बिनसलेलं नव्हतं.

जेवणाआधी बोटीवर छोट्या ग्लासातून पांढरी पोर्ट दिली. जेवणात चिकन, भात, उकडलेले बटाटे. काकांनी भात आणि बटाटे बाजूला सारले, "शुगर आहे ना, पथ्य पाळतो मी," आणि चिकनचे दोन तुकडे, सॅलड यावर उठले. मी कौतुक केलं. हो, मी कौतुक केलं त्यांचं! पुढे हे वाक्य मला रात्रभर छळणार होतं.

साडेतीनला रेग्वाला उतरून बसने एका किंत्यावर गेलो. किंता म्हणजे मळा आणि मळ्यातलं घर. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांध घालून मजग्या काढलेल्या, त्यावर द्राक्षाच्या बुटक्या वेली. माती म्हणायला नाहीच, शिस्ट नावाच्या खडकाच्या पाटीसारख्या चिपा नुसत्या. आमच्यात निफाडचे एक बागायतदार होते, ते खाली बसून चिपा हातात चुरत म्हणाले, "याला पाणी कुठनं देता?" गाईडने सांगितलं, बहुतेक देत नाहीत, मुळं खडकाच्या भेगांतून कित्येक मीटर खोल जातात. त्यांचा काही विश्वास बसला नाही. "एकरी काय निघत असेल मग," म्हणून ते शेवटपर्यंत हिशेब करत राहिले. या भागाची हद्द 1756 मध्ये पोंबालचा मार्किस या तेव्हाच्या पोर्तुगीज मंत्र्याने आखली, जगातल्या सगळ्यात जुन्या आखलेल्या वाईन प्रदेशांपैकी हा एक, वगैरे मी सांगत होते, पण लोकांचं लक्ष द्राक्षं तुडवायच्या हौदाकडे होतं.

ग्रॅनाइटचा उथळ, चौकोनी हौद. त्याला लागार म्हणतात. तोडणीचे दिवस होते, हौद भरलेला होता, आणि पाहुण्यांना पाय धुवून आत उतरू देत होते. खांद्याला खांदा लावून ओळीने उभं राहायचं आणि तालात पावलं टाकत पुढे सरकायचं. चोथा मांडीपर्यंत येतो, वर कोमट, तळाशी गार, बिया तळव्यांना टोचतात. सहा-सात जण उतरले, त्यांत काका पहिले. पँट गुडघ्याच्या वर दुमडून, "ग्यानबा-तुकाराम" म्हणत अर्धा तास नाचले. बाहेर आले तेव्हा पाय जांभळे आणि चेहरा लालबुंद. ऊन पस्तीस अंशांचं.

मग चव घ्यायला बसलो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना पोर्ट वाईन म्हणजे गोव्याहून आणलेली स्वस्त, गोड बाटली एवढंच माहीत, त्यामुळे इथे जरा सांगावं लागतं. द्राक्षाच्या रसातली साखर आंबता आंबता निम्म्यावर आली की त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाचीच दारू ओततात. यीस्ट मरतं, आंबणं तिथल्या तिथे थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही आणि वीस टक्क्यांच्या आसपास कडकही. जुना हिशेब 435 लिटर रसाला 115 लिटर दारू, मिळून 550 लिटरचं एक पीपा. हा शब्द कानावर पडताच काकू प्रथमच सावरून बसल्या. "म्हणजे आपलं पिंप?" तेच. पाव, बटाटा, चावी, घमेलं जसे पोर्तुगीजांकडून आले तसंच पिंपही आलं.

"द्राक्षासवच की हो हे!" पहिला घोट घेऊन काका म्हणाले. टेबल हसलं. द्राक्षासवात बाहेरून दारू घालत नाहीत, हे मी म्हटलं, पण ऐकतंय कोण?

प्रत्येकापुढे तीन ग्लास होते. पांढरी, रुबी आणि दहा वर्षं पिंपात मुरलेली टॉनी, जिचा लाल रंग जाऊन चहासारखा तपकिरी झालेला असतो आणि अक्रोडाचा वास येतो. काकू घेत नाहीत. त्यांनी आपले तिन्ही ग्लास शांतपणे काकांपुढे सरकवले. पैसे भरलेत, वाया कशाला. बरोबर खायला बदामाच्या चार बिया. काकांनी जावयासाठी टॉनीची एक बाटलीही घेतली.

सातच्या सुमाराला गाडीत बसलो. पहिली वीस मिनिटं काका गात होते. मग गप्प झाले. मग कर्जत सुरू झालं.

चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी उठून त्यांच्याजवळ गेले, गप्पा मारायला म्हणूनच. म्हटलं, "काका, कर्जत अजून लांब आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोणाची गं?" आवाजात चेष्टा नव्हती. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. डब्यात एसी होता, मी स्टोल गुंडाळला होता, आणि त्यांच्या कपाळावरून थेंब गळत होते. हात हातात घेतला. बर्फ. आणि बारीक कापत होता.

प्यायलेल्या माणसाचा हात गरम असतो. माझ्या वडिलांना शेवटची दहा वर्षं मधुमेह होता. असा गार, ओला हात मी पूर्वी धरला होता.

"काकू, मशीन आहे?"

"कसलं मशीन? राहू दे गं, झोपू दे त्यांना, शोभा झाली तेवढी पुरे."

मी जवळजवळ ओरडले, "शुगरचं मशीन!" पर्समध्ये होतं. बोटाला टोचलं. आकडा आला 46. फारच कमी.

माझ्या बॅगेत नेहमी ग्लुकोजची पावडर असते. ती बॅग त्या दिवशी पोर्तोच्या हॉटेलात होती, कारण दिवसभराचीच तर सहल. गाडीत खाण्यापिण्याचं काही मिळत नव्हतं. मी लोकांकडे चॉकलेट मागायला वळले, तेवढ्यात काकूंनी पर्स मांडीवर उपडी केली. चाव्या, रुमाल, अमृतांजन, आणि साखरेच्या पुड्या. अकरा होत्या. मी मोजल्या नाहीत, नंतर काकूंनीच सांगितलं.

गिळता येतंय ना ते आधी बघितलं, दोन घोट पाणी पाजून. मग बाटलीत थोडंसं पाणी ठेवून चार पुड्या फोडल्या. हात थरथरत होता, निम्मी पुडी सीटवर सांडली. घोट घोट करून पाजलं. डब्यात कोणी बोलत नव्हतं. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. ती पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली आणि नदी कधी मागे राहिली ते कळलं नाही. पुन्हा टोचलं. 61. आणखी तीन पुड्या. कोणीतरी खाकरा काढला, तो चुरून दिला. मार्को द कानावेझेस स्टेशन आलं तेव्हा काका माझ्याकडे बघून नावाने हाक मारून म्हणाले, "काय गं, सगळे असे का बसलेत?"

गाईडने तोवर 112 ला फोन लावला होता. पोर्तोच्या कांपान्या स्टेशनवर रुग्णवाहिका उभी होती. काकांचं म्हणणं, मला काही झालेलं नाही, मी चालत येतो.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर बाईंना मी तोच प्रश्न विचारला जो ग्रुपमधल्या प्रत्येकाने मला नंतर विचारला: वाईन एवढी गोड, मग साखर उतरली कशी? तिने कागदावर यकृताचं चित्र काढलं. वाईनमधली साखर तासा-दीड तासात खर्च होते. काकांची गोळी ग्लिमेपिराइड. ती पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते. अशा वेळी यकृत एरवी आपला साठा सोडतं आणि नवी साखर बनवतं. पण दारू आली की ते दारू निस्तरण्यात गुंततं. त्यात दुपारचं जेवण नावापुरतं आणि हौदात अर्धा तास नाच. "आणि बाहेरून दिसतं काय," ती म्हणाली, "प्यायलेला माणूस." गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. पहाटे एकदा उतरलीच. तेव्हा काका सलाईनवर होते, नर्स शेजारी होती. तेच हॉटेलच्या खोलीत झालं असतं तर काकू "झोपू दे त्यांना" म्हणून दिवा मालवून बसल्या असत्या, आणि मीही तेच सांगितलं असतं.

काकू रात्रभर बाकावर माझ्या शेजारी होत्या. बारा-एकच्या सुमाराला म्हणाल्या, "मी त्यांना गाडीत चिमटा काढला गं. गप्प बसा म्हणून." मी काही बोलले नाही. मला माझं हसणं आठवत होतं.

आता मी चव घेण्याच्या कार्यक्रमाआधी कोण कोणती गोळी घेतं ते विचारते. लोकांना आवडत नाही. एका गृहस्थांनी तर "तुम्ही टूर लीडर की कंपाउंडर?" असंही ऐकवलं. विचारते तरी.

सकाळी काका उशीला टेकून बसले होते. रात्रीचं त्यांना काही आठवत नव्हतं. हौद आठवत होता, पिंप आठवत होतं, गाडीत चढल्याचं आठवत होतं. मग एकदम ताठ झाले.

"माझी बाटली कुठाय?"

बाटली गाडीतच राहिली होती, सीटखाली, कागदी पिशवीत. स्टेशनवर मी दोनदा चौकशी केली, मिळाली नाही.

"दहा वर्षांची होती हो," काका काकूंना म्हणाले.

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि ट्रेमधल्या पावाला लोणी लावायला लागल्या.