सरहद्द, दरवाजा आणि माझे गुडघे

न्यूयॉर्कचे पहिले तीन दिवस एका ओळीत उरकते: पुतळा पाहिला, पूल पाहिला, टाइम्स स्क्वेअरला धक्के खाल्ले. जावयांनी हौसेने आखलेल्या कार्यक्रमात बूड टेकायला कुठेच जागा नव्हती. चौथ्या दिवशी मी संप पुकारला.

मग लेकीने मॅडिसन अव्हेन्यूवरच्या तेव्हाच्या मेट ब्रॉयर या कलासंग्रहालयात नेलं. ऑक्टोबर २०१९. ज्येष्ठांना १७ डॉलर. ह्यांनी लगेच सत्तरने गुणलं आणि दिसलेल्या पहिल्या बाकावर बसून घेतलं. मी भिंतीपाशी गेले, ती तिथेच खिळले.

चित्रकार झरीना हाश्मींची ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही १९९९ ची मालिका. ३६ वुडकट, म्हणजे लाकूड कोरून कागदावर उमटवलेले ठसे. प्रत्येक चौकोनात मोजक्या काळ्या रेघा आणि एक उर्दू शब्द. ती लिपी मला ओ की ठो कळत नाही. शेजारी लाहोरच्या एक बाई उभ्या होत्या. मी बावचळलेली बघून त्या आपणहून वाचू लागल्या: “घर... दरवाज़ा... दीवार... ज़बान... सरहद.”

“हे तर आमचेच शब्द!” मी म्हणाले, तेही मराठीत. ‘सरहद्द’ काय, ‘दरवाजा’ काय, आम्ही रोज वापरतो. फक्त दीवारीला आम्ही भिंत म्हणतो. त्यांनी ‘भिंत’ म्हणून पाहिलं, ‘बिंत’ झालं, दोघी हसलो. ह्यांनी लांबून ‘हळू’ अशी खूण केली.

झरीनाबाई १९३७ साली अलीगढला जन्मल्या. वडील तिथल्याच विद्यापीठात इतिहास शिकवायचे, ह्या गणिताच्या पदवीधर. त्या रेघांचा काटेकोरपणा कुठून आला ते मला तेव्हा उमगलं. नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बिऱ्हाड सतत पाठीवर. ठसे कोरायला बँकॉकमध्ये सुरुवात, मग पॅरिसला हेटर यांच्या ‘अटेलिए १७’ या ठसेकामाच्या कार्यशाळेत धडे, पुढे टोकियो, शेवटी न्यूयॉर्क. दरम्यान १९५९ मध्ये आईवडील कराचीला गेले. म्हणजे माहेर सीमेपलीकडे! आम्ही लेकीकडे तीन महिन्यांसाठी येतो, तरी माझं निम्मं लक्ष पुण्यातल्या कुंड्यांत असतं.

रात्री एडिसनला लेकीच्या घरी परतल्यावर झरीनाबाईंच्या २००१ च्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या वुडकटविषयी वाचलं. भारत-पाकिस्तानची सीमा, बस्स, एवढीच एक काळी वाकडीतिकडी रेघ. वुडकटमध्ये कोरून काढलेला भाग कोरा राहतो, शिल्लक उंचवट्याला शाई लागते. म्हणजे ती रेघ बाईंनी कोरलेलीच नाही. दोन्हीकडची जमीन खरवडून काढली, तेव्हा मध्ये रेघ उरली. हे वाचून मी ह्यांना उठवलं. ह्यांनी “बरं” म्हणून कूस बदलली.

तेव्हा तिकीट तीन दिवस चालायचं, हे कळल्यावर मात्र ह्यांनी भागाकार केला आणि स्वतःच म्हणाले, चल. गुडघ्यांना तेल चोळून मी परत गेले. त्या बाई अर्थातच नव्हत्या. ३६ पैकी पाच चौकोन मात्र मी न विचारता ओळखले, आणि ह्यांना बाकावरून उठवून एकेक वाचून दाखवला.