एफ२०सी अपडेट: चौथ्या सिलिंडरची ऑइल रिंग मोकळी झाली, हेड तूर्त जागेवरच

इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) उतरवायचा बेत रद्द. एपी१ चं, म्हणजे एफ२०सी इंजिनाच्या पहिल्या होंडा एस२००० चं, ऑइल खाणं १,००० किमीला ६४० मिलीवरून २९० मिलीवर आलं आहे, आणि तेही एकही गॅस्केट न फोडता. तिसऱ्या गिअरमध्ये ७,५०० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि ३,००० ला पुन्हा दाबायचा, की मागे निळा ढग उठायचा. तो आता आरशात शोधावा लागतो. मागच्या वेळी या धुराबद्दल लिहिलं तेव्हा बहुतेकांनी इनटेकच्या व्हॉल्व्ह सीलवर बोट ठेवलं होतं. प्रत्यक्षात अडकली होती चौथ्या सिलिंडरची ऑइल रिंग.

आधी मोजणीचं, कारण तिथेच निम्मे वाद मिटतात. डिपस्टिकवर १०० मिलीचा फरक खात्रीने दिसत नाही. जमिनीचा थोडासा उतार किंवा इंजिन बंद केल्यावरची पाच मिनिटं एवढ्यानेही पातळी हलते. म्हणून सगळे आकडे वजनाचे आहेत. ऑइल गरम असतानाच, त्याच जागी, त्याच जॅकस्टँडवर काढायचं, अर्धा तास निथळू द्यायचं आणि फिल्टरसकट तोलायचं. कोरा फिल्टर आधी तोलून ठेवलेला असला पाहिजे. ज्या डब्यातलं ऑइल भरणार त्यातलंच एक लिटर तोलून घनता काढा. ५डब्ल्यू-४० साधारण ८५० ग्रॅमच्या आसपास भरतं. एफ२०सी मध्ये फिल्टरसह ४.८ लिटर जातं, पण थोडं ऑइल गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) नेहमीच राहतं. म्हणून भरण्या-काढण्याची पहिली फेरी हिशेबात धरायची नाही. काढण्यापूर्वी निदान अर्धा तास गाडी पूर्ण गरम चालवा. छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, वजन वाढतं आणि खाल्लेलं ऑइल झाकलं जातं.

आता मूळ गाठ. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं एकमेकांच्या ५ टक्क्यांत. लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेली हवा किती गळते ते, ६ ते ९ टक्के, म्हणजे निरोगी. "मग रिंगा ठीक आहेत" हा निष्कर्ष इथेच फसवतो. या दोन्ही चाचण्या वरच्या दोन रिंगांची परीक्षा घेतात. तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, वायूचा दाब धरतच नाही. दोन पातळ पट्ट्या आणि मधला एक्स्पांडर एवढीच तिची रचना. लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) जादा ऑइल खरवडायचं आणि खाचेतल्या भोकांमधून संपकडे (तळाच्या ऑइलच्या टाकीकडे) परत पाठवायचं, हे तिचं काम. भोकं कार्बनने बुजली किंवा एक्स्पांडर चिकटला, तर गेज सुंदर आकडा दाखवत राहतं आणि इंजिन ऑइल पीत राहतं.

या इंजिनात ही चूक जास्त महागात का पडते, ते स्ट्रोकवरून कळतं. ८४ मिमी स्ट्रोक आणि ९,००० आरपीएम म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर. ३,००० ला तोच ८.४. वरच्या वेगात क्रँक लायनरवर कितीतरी जास्त ऑइल भिरकावतो आणि ते खरवडायला रिंगेला वेळ एक तृतीयांश मिळतो. त्यातच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद, पेट्रोल बंद, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा ७०-८० किलोपास्कल कमी दाब. वर पोकळी, खाली ऑइलची फवार. ऑइल रिंग ढिली असेल तर ऑइल सरळ वर ओढलं जातं. सील गळत असेल तर व्हॉल्व्ह गाइडमधूनही अगदी याच क्षणी ओढलं जातं, म्हणूनच नुसता धूर पाहून दोघांत निवड करता येत नाही.

वाट वेगळी करायला तीन गोष्टी कामी आल्या.

पहिली, दोन टप्प्यांची चाचणी. दोन्ही टप्पे सारख्याच अंतराचे, सारख्याच रस्त्यावर, दोन्हींत व्हीटेक लागतो त्याच्या वर ८,००० पर्यंत तेवढेच जोर. फरक एकच. पहिल्या टप्प्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडताच क्लच दाबून आरपीएम खाली पडू द्यायचे. दुसऱ्यात गिअरमध्येच ठेवून इंजिन ब्रेकिंगने ३,००० पर्यंत उतरायचं. दुसऱ्या टप्प्यात ऑइल दुपटीहून जास्त गेलं. म्हणजे पूर्ण जोरातली ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) ही मुख्य वाट नाही. पोकळीने ओढलं जाणारं ऑइल ही आहे. ही चाचणी फुकट आहे आणि कुठल्याही गाडीवर चालते. पार्ट मागवण्यापूर्वी ती कराच.

दुसरी, कॅच कॅन, म्हणजे क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल अडवणारा डबा. ही वाफ मॅनिफोल्डकडे सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मधल्या होजवर, आत स्टीलची जाळी आणि आडपडदे असलेला. १,००० किमीला त्यात ९० मिली जमलं. बाटलीत रात्रभर ठेवल्यावर त्यातला तिसरा हिस्सा पाणी निघाला. इंग्लंडच्या हिवाळ्यात हे होणारच, त्यामुळे कॅनमधला सगळा द्रव ऑइल समजू नका. ६४० पैकी ६० मिलीच्या आसपास, म्हणजे पीसीव्ही दहावा वाटा खात होता. स्वस्त कॅन बहुतेक वेळा रिकामे डबे असतात. वाफ एका नळीतून शिरते आणि दुसरीतून निघून जाते. आत जाळी नसेल तर घेऊ नका, आणि या बाजूला होज पोकळीत न चपटणारीच हवी.

तिसरी, प्लग आणि बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत पाहायचा कॅमेरा). सील गळत असेल तर राख प्लगच्या इनटेक व्हॉल्व्हकडच्या बाजूला जास्त बसते. चौथ्या प्लगवर ती सगळीकडून सारखी होती आणि आटे ओले होते. त्या पिस्टनच्या माथ्यावर कडेने धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा, मध्ये कार्बन. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठी चारही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारख्या. म्हणजे सील निर्दोष, दोष रिंगेचा.

मग सोक, म्हणजे रिंगांवरचा कार्बन सॉल्व्हंटमध्ये भिजवणं. क्रँक पुलीचा १९ मिमीचा बोल्ट पान्याने घड्याळाच्या दिशेने फिरवून पहिला पिस्टन टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेच्या) ९० अंश पुढे आणायचा. चारही पिस्टन एका उंचीवर येतात आणि द्रव सगळीकडे सारखा बसतो. प्लग काढून प्रत्येक भोकात ४५ मिली सॉल्व्हंट. रात्रभर ठेवायचं, मधूनमधून क्रँक दहा-पंधरा अंश मागेपुढे डोलवायचा. पहिल्या तीन सिलिंडरमधलं सकाळी संपलं होतं, चौथ्यात जवळजवळ तेवढंच उभं होतं. सगळं बुजलेलं होतं, याचा यापेक्षा ठोस पुरावा नको. दुसऱ्या फेरीला इंजिन आधी गरम करून घेतलं आणि चौथ्यातलं द्रव तासाभरात झिरपलं. या सगळ्या कामातला सर्वात समाधानाचा क्षण हाच.

सोकनंतरची घाई इंजिन मारते, म्हणून क्रम पाळा. उरलेला द्रव सिरिंजने ओढून काढा. द्रव दाबला जात नाही, आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सॉल्व्हंटने लायनरवरचा ऑइलचा थर धुतलेला असतो, म्हणून प्रत्येक भोकात ५ मिली इंजिन ऑइल सोडा. कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, भोकांवर फडकं टाका, मगच क्रँक करा. संपमधलं ऑइल आता पातळ झालेलं आहे. ते काढून नवं भरल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. हे पहिलं ऑइल स्वस्तातलं चालेल, कारण दोनशे किमीत तेही काढायचं आहे. पहिल्या सुरुवातीला दाट धूर येतो, गाडी उघड्यावर ठेवा.

एवढा खटाटोप का, रिंगा बदलून मोकळं का होऊ नये? कारण लायनर एफआरएमचा आहे: अ‍ॅल्युमिनियममध्ये कार्बन आणि अ‍ॅल्युमिनाचे तंतू. नेहमीच्या दगडाने होन करायला (घासायला) दिला की तो खराबच होतो. एफआरएमवर काम केलेलं मशीन शॉप सापडेपर्यंत ब्लॉक कुणाच्या हातात देऊ नये. पुणे-मुंबईतल्या जुन्या व्हीटेक सिटीवाल्यांचं या बाबतीत बरं आहे. लायनर ओतीव लोखंडाचा, त्यामुळे होन आणि नव्या रिंगा हा सरळ मार्ग आहे. निदानाचा क्रम मात्र हाच.

ऑइलबद्दल. ग्रेडच्या वादापेक्षा नोआक आकडा पाहा, म्हणजे २५० अंशांना तासाभरात किती टक्के उडतं ते. आयलसॅक मानकाच्या ऑइलना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, एसीईए या युरोपीय मानकाच्या ए३/बी४ ला १३. चांगलं ५डब्ल्यू-४० नऊ-दहावर मिळतं. ए३/बी४ मध्ये एचटीएचएस (तापलेलं ऑइल वेगाने घासलं जाताना उरणारा दाटपणा) किमान ३.५ असतो, आणि ९,००० वर फिरणाऱ्या बेअरिंगला तो हवाच. नुसतं ऑइल खाणं कमी दिसावं म्हणून १०डब्ल्यू-६० टाकणं पटत नाही. अडकलेली रिंग तशीच राहते आणि थंड सुरुवातीला वर ऑइल उशिरा पोहोचतं. फिल्टर होंडाचा पीसीएक्स-००४ च, त्यात तडजोड नाही.

राहिलेल्या २९० मिलीसाठी आधीचा बेत होता सील बदलायचा, सोबत एपी२ चे (नंतरच्या एस२००० चे) व्हॉल्व्ह स्प्रिंग धरणारे रिटेनर आणि त्यांचेच कॉटर. तो मागे ढकलला. आता संप आधी उतरेल. सुरुवातीच्या एपी१ मध्ये पिस्टनखालचे ऑइल जेट धरणारे बॅन्जो बोल्ट (ऑइल आतून वाहणारे पोकळ बोल्ट) दोन भोकांचे होते, नंतर होंडाने चार भोकांचे दिले. चौथ्याच सिलिंडरची रिंग भाजलेली असताना पिस्टनला खालून मिळणारं थंड ऑइल तपासणं हे सीलपेक्षा आधीचं काम आहे. भोकं दोन निघाली तर चारही बोल्ट बदलायचे.

हे लिहिताना आणखी एक सुचलं, आणि ते संपच्याही आधी होईल. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक नळी जोडून तिचा यू करायचा, त्यात रंगीत पाणी, शेजारी पट्टी. आयडलवर क्रँककेसमध्ये किंचित पोकळी दिसली पाहिजे, म्हणजे पाणी इंजिनकडच्या भुजेत वर चढलेलं. उलट ढकललं जात असेल तर पीसीव्ही किंवा त्याची होज बुजलेली आहे. नळीची भुजा निदान अर्धा मीटर उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. थ्रॉटल उघडून हे करू नका, फक्त आयडल. ज्यांची एफ२०सी ऑइल खात नाही त्यांनी आपल्या पट्टीवरचा फरक मिलिमीटरमध्ये, ऑइलच्या तापमानासह कळवा. तुलनेला निरोगी इंजिनाचा आकडा लागेल.