आजोबांचा नकाशा आणि चाळीची हलती जमीन

आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले दस्त, पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि गावच्या जमिनीचा हाती काढलेला नकाशा सापडला. नकाशा ए-थ्रीएवढा, त्यातून घडीवर तडकलेला. स्कॅनरवर दाबायची हिंमत झाली नाही, म्हणून वरून फोटो काढायचं ठरवलं.

ट्रायपॉड नकाशावर फाकवून कॅमेऱ्याची मान खाली केली तर फोटोत त्याचेच दोन पाय. ते टाळायला कॅमेरा तिरका धरला. मोडी वाचणाऱ्या मावशींना फोटो पाठवला, तर त्या म्हणाल्या, "मधलं लागतंय रे, कडेचं अक्षर लागत नाही."

मित्राकडून मधला दांडा आडवा होणारा ट्रायपॉड आणला. पोस्टकार्डांना ठीक. पण दांड्याच्या टोकाला कॅमेरा कितीही आवळला तरी हळूहळू वाकायचा. दुसऱ्या टोकाला दोन किलो तांदळाची पिशवी टांगली तेव्हा कुठे थांबला. आई म्हणाली, "रात्रीच्या भाताला परत दे."

नकाशाचं गणित वेगळंच निघालं. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग जरा लहान, त्यामुळे कॅमेरा जास्त उंच न्यावा लागतो. त्यावर ५० मिमीच्या लेन्सने ए-थ्री कागद पूर्ण बसवायला साधारण एक मीटर उंची लागते. ३५ वर साधारण ७० सेंटिमीटर पुरतात. आधी हे मोजलं असतं तर फोर्टातल्या दुकानांचे खेटे वाचले असते. तिथल्या नव्या कॉपी स्टँडची, म्हणजे कॅमेरा कागदावर सरळ खाली धरणाऱ्या स्टँडची, किंमत ऐकून नुसता चहा पिऊन परतलो होतो.

शेवटी चोरबाजारात डोकं गायब झालेला जुना एन्लार्जर (फिल्मवरून मोठे फोटो छापायचं यंत्र) मिळाला: जाड फळी आणि लोखंडी खांब. एकाचा खांब पुढे कललेला होता. तो सोडला, कारण उंची बदलली की फ्रेमही पुढेमागे सरकते. सरळ खांबाचा घेतला. लेथवाल्याने कॅमेऱ्यासाठी पाव इंची स्क्रूची पट्टी करून दिली. लेन्स खाली तोंड करून ठेवली की झूम आपोआप घसरतो, तिथे चिकटपट्टी मारली.

कॅमेरा कागदाला समांतर आहे का, हे आरशाने कळतं. नकाशाच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यात येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. माझी पाऊण रात्र यात गेली, पण तिरकेपणा गेला.

राहिली आमची गिरगावातली लाकडी जमीन. गॅलरीतून कोणी चाललं तरी फोटो हलायचा. म्हणून चाळ झोपल्यावर, पंखा बंद करून, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे ठेवून, दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घेतले. मे महिना होता. घाम नकाशावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधला होता.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. "कडेचं लागलं. तुमची हद्द विहिरीपर्यंत आहे, अलीकडच्या आंब्यापर्यंत नाही."

बाबांनी लगेच गावी काकांना फोन लावला.